हाहामामांनी रोखलेला श्वास

हाहामामा हसत म्हणून कधी नसत. नाव पडलं होतं ते कामावरून. काच घासून झाली की तिच्याजवळ तोंड नेऊन ते ‘हाऽ’ करत. वाफ धरली की राहिलेला डाग चोरासारखा पकडला जाई. मग पुन्हा घासणं, पुन्हा हाऽ. चाळीस वर्षं हेच चाललं होतं, आणि आपल्या श्वासाएवढी खरी परीक्षा दुसरी नाही अशी मामांची खात्री होती.

त्या सकाळी ती घरगाडी पुन्हा दुकानाच्या दारात उभी राहिली आणि मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. आत बिछाना, शेगडी, सगळा संसार. तिची पलंगाजवळची दुहेरी काचेची खिडकी मामांनी दोनदा दुरुस्त केली होती. आता तिसऱ्यांदा दोन काचांच्या मध्ये, जिथे फडकं पोचत नाही तिथे, धुकं बसलं होतं.

गाडी चालवणाऱ्या ताई भांडल्या नाहीत, तेच मामांना जास्त लागलं.

“मामा, यांची नजर चाललीय,” त्या आत बसलेल्या नवऱ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या. “जन्मभर दुसऱ्यांसाठी नकाशे काढले. ते रस्ते आता डोळ्यांनी बघायचेत म्हणतात. उद्या निघतोय. पण धुकं खिडकीत आहे की डोळ्यांत, हेच त्यांना कळेनासं झालंय.”

मामांनी खिडकी उतरवली. काच कडक केलेली. कडेला जरा टवका उडाला तर सबंध काच साखरेसारखी सांडणार, आणि इतक्या जुन्या गाडीची दुसरी मिळायची नाही. मधला चिकट थर बारीक तारेने कापायचा होता. तारेचं एक टोक मामांच्या हाताखाली काम करणाऱ्या त्यांच्या मुलीने धरलं, दुसरं मामांनी. कोपऱ्यावर तार अडकली. काच कर्रकन वाजली. दोघंही जागच्या जागी थिजली. तार सैल करून मुलीने साबणाचं पाणी सोडलं, मग केसाकेसाने ओढत काचा वेगळ्या झाल्या. मामांचा सदरा पाठीला चिकटला होता.

सवयीप्रमाणे त्यांनी दोन काचांत अंतर ठेवणाऱ्या पोकळ पट्टीत ओल शोषणारे दाणे भरून ठेवले आणि घासायला बसले. हाऽ. पुन्हा हाऽ.

“बाबा, थांबा.” मुलीने पट्टीवर हात ठेवला. “तुमचं घासणं संपेपर्यंत हे दाणे दोन-दोन तास उघडे राहतात. वर तुम्ही वाफ सोडता. काच बंद व्हायच्या आधीच यांचं पोट भरलेलं. मग आतली ओल कोण पिणार?”

“तू मला शिकवणार? तुझ्या जन्माआधीपासून मी...”

बोलता बोलता त्यांची नजर त्या उघड्या दाण्यांवर गेली. मामांचे कान तापले. म्हणजे दोन्ही वेळा त्या माणसाच्या खिडकीत धुकं भरलं ते आपणच, आणि तेही नीटनेटकेपणाच्या हौसेपायी! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून त्यांनी ते दाणे स्वतः कचऱ्यात ओतले.

या वेळी आधी काचा झाल्या, मग नव्या डब्यातले दाणे, नवी पट्टी, आणि लगेच जोडणी. वरची काच टेकवणार तोच मामांना कोपऱ्यात पुसटसं काहीतरी दिसलं. तोंड आपसूक पुढे गेलं. मुलीने नुसतं पाहिलं. मामांनी ओठ घट्ट मिटले, कोरड्या फडक्याने कोपरा टिपला आणि काच बसवली.

चिकट थर धरल्यावर संध्याकाळी खिडकी गाडीत चढली. उरली बर्फाची परीक्षा. बाहेरून काचेला बर्फाची पिशवी लावायची. आत ओल असेल तर ती धुकं होऊन उमटतेच. मामांनी पिशवी लावली, मनात आकडे मोजले, काढली.

काचेवर पांढराशुभ्र गोल!

ताईंनी तोंडावर हात धरला. मामांनी पिशवी खाली ठेवली. आता या माणसाला काय तोंड दाखवायचं?

“बाबा, पुसून तरी बघा,” मुलगी म्हणाली.

मामांनी भीतभीत बाही फिरवली. गोल नाहीसा झाला. ओल बाहेरचीच होती. काच नितळ, आणि पलीकडे पलंगावर बसलेले नकाशेवाले डोळे बारीक करून त्यांच्याकडेच बघत होते.

“अहो मामा,” ते आतून ओरडले, “तुमच्या मिश्या पिकल्यात की सगळ्या!”

मामांनी हाताने मिश्या झाकल्या आणि पोटभर हसले.