आरशातली पेनल्टी

द्रिक हाउबनचे पाय पांढरे आहेत, हे आइंडहोवनमध्ये स्ट्रायपच्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रत्यक्षात ते कसे होते हे फक्त त्याच्या नेलीला माहीत, आणि ती असल्या गोष्टी बोलणारी बाई नव्हे. पण आपल्याकडचा जो क्लब युरोपात खेळत असेल आणि द्रिक त्याचा सामना बघायला बसेल, त्या क्लबाचं वाटोळं ठरलेलं, एवढं नक्की.

माणूस मात्र लाखात एक. उंचापुरा, खांद्यात वाकलेला, आवाज असा हळू की मांजरही दचकू नये. दिवसा कारखान्यात टीव्ही जुळवायचा आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये शेजाऱ्यांचे बिघडलेले टीव्ही दुरुस्त करायचा. गंमत बघा, अख्खी गल्ली ज्या टीव्हींवर फुटबॉल बघायची ते सगळे चालते ठेवले द्रिकने, आणि त्यांच्यासमोर बसायची बंदी काय ती एकट्या द्रिकला.

बंदीला पुरावे होते. एकोणसत्तर साली आयाक्सने युरोपियन कपची फायनल गाठली. आपल्या देशातला कुठलाच क्लब तोवर तिथे पोचला नव्हता. द्रिकने ती कौतुकाने पाहिली आणि मिलानने चार गोल चढवले. पुढच्या वर्षी फायनोर्डची पाळी आली. द्रिकला त्या दिवशी रात्रपाळी होती, कप रॉटरडॅमला आला. मग आयाक्सने ओळीने तीन वर्षं कप उचलला, कारण आता अ‍ॅमस्टरडॅमवाल्यांचा खेळ बघायचा नाही असं द्रिकने ठरवलं होतं.

"तुझा पुतळा उभारायला हवा रे त्यांनी," समोरच्या घरातला योस म्हणायचा. योस म्हणजे गल्लीचं भोंगा लावलेलं तोंड. त्यात पुढेच एक सोन्याचा दात, म्हणजे तोंड उघडलेलं लांबूनही कळावं.

पंचाहत्तर साली द्रिक बहिणीकडे एन्सखेडेला गेला. तिथला ट्वेन्टे क्लब यूएफा कपच्या फायनलचा पहिला सामना जर्मनांच्या घरी बरोबरीत सोडवून आला होता, गावात लोकांनी झेंडे लावून ठेवले होते. भावजींनी प्रेमाने पाहुण्याला मैदानावर नेलं. पाच गोल खाल्ले. भावजी परतताना सायकलवर दहा हात पुढे चालले होते म्हणतात. पुढच्याच वर्षी आपल्या आइंडहोवनच्या पीएसव्हीचा उपांत्य सामना. द्रिक स्वतः तिकीट काढून गेला, आणि नव्वद मिनिटं आपल्या पोरांना सेंत एतियेनविरुद्ध एक गोल सुचला नाही. अठ्ठ्याहत्तरला मात्र बास्तियाला तीन गोल मारून यूएफा कप घरी आला. द्रिक तेव्हा अपेंडिक्स काढून इस्पितळात पडला होता.

योस फुलं घेऊन भेटायला गेला. "डॉक्टरांना विचार," तो म्हणाला, "अजून काही काढण्यासारखं आहे का आत. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

सगळे हसले. द्रिकही हसला, टाके धरून. पण त्यानंतर दहा वर्षं त्याने युरोपातला एकही सामना पाहिला नाही. सामना असला की सायकल काढायची आणि कालव्याच्या कडेने फिरत राहायचं. घराघरांतून ओरडा आला की समजायचं. आपला गोल कोणता आणि त्यांचा कोणता हे तो भिंतीआडून ओळखायचा. फुटबॉलचं एवढं वेड असलेल्या माणसाने फुटबॉल असा कानांनी जगावा, याचं वाईट एकट्या नेलीला वाटायचं. आम्हा बाकीच्यांना कप हवा होता.

आता अठ्ठ्याऐंशीचा मे महिना. पीएसव्ही युरोपियन कपच्या फायनलमध्ये! बोर्दो, रेआल माद्रिद, सगळ्यांशी बरोबरी करत करत, मार्चपासून एकही सामना धड न जिंकता पोरं पोर्तुगालच्या बेनफिकाशी खेळायला स्टुटगार्टला निघाली होती. त्याआधी दोन आठवडे आमच्या जुन्या वैऱ्यांची, आयाक्सचीही दुसऱ्या एका कपची फायनल होती, बेल्जियमच्या मेखेलनशी. त्या संध्याकाळी बेर्ताच्या कॅफेत द्रिकला सन्मानाने बोलावणं गेलं. चांगली खुर्ची, मोहरीबरोबर गरम तळलेले बिटरबॉलन, बिअर बेर्ताकडून.

"बघ रे बाबा, नीट बघ," योस त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "पापणी लवू देऊ नकोस."

आयाक्स एक-शून्यने हरला. कॅफेत असा जल्लोष झाला की जणू आपणच जिंकलो. द्रिकला खांद्यावर घेतलं. आणि खाली उतरवल्यावर बेर्ताने त्याचा हात हातात घेतला. साठीची, धिप्पाड, नवऱ्यामागे कॅफे चालवणारी बाई, पण त्या वेळी तिचीही नजर वर होईना.

"द्रिक, राजा, पंचवीस तारखेला मात्र..."

"कळलं," द्रिक म्हणाला. "मी सायकलवर असेन."

घरी नेलीने त्याला बजावलं, "त्या दिवशी कॅफेच्या दारातही उभा राहू नकोस. हरले तर हे लोक तुला सोडायचे नाहीत. पाव आणायला मला याच गल्लीतून जावं लागतं. मला काही हेल्मंडला बहिणीच्या माडीवर जाऊन म्हातारं व्हायचं नाही."

थट्टेत म्हणाली असं वाटेल, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. द्रिकलाही ते माहीत होतं. थट्टा जिंकेपर्यंतच असते. फायनल हरलेल्या गल्लीला कोणीतरी एक माणूस लागतो, आणि तो माणूस कोण हे आधीच ठरलं होतं.

पंचवीस तारीख आली. बेर्ताने बिलियर्डच्या टेबलावर फळ्या टाकून वर मोठा टीव्ही ठेवला, पाठ खिडकीकडे, तोंड बारकडे. खुर्च्या, पिंपं, खिडकीचे कठडे, जिथे टेकता येईल तिथे माणसं. द्रिक कालव्याकडेने फेऱ्या मारत होता. पहिला हाफ गेला, ओरडा नाही. दुसरा गेला, ओरडा नाही. जादा वेळही गेला. शून्य-शून्य. आता पेनल्टी.

तेवढ्यात योस बिअरचा ट्रे घेऊन वाट काढायला गेला आणि त्याचा पाय अँटेनाच्या केबलमध्ये अडकला. ट्रे एकीकडे, योस एकीकडे, आणि पडद्यावर नुसता पांढरा मुंग्यांचा पाऊस.

 मग सगळे एकदम बोलले, आणि त्यातला एकही शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.

"दुसरा टीव्ही?" कोणीतरी ओरडलं.

"एवढी माणसं कुणाच्या घरात मावणार? आणि आणेपर्यंत संपेल की!" बेर्ता किंचाळली. "द्रिकला आणा!"

"द्रिकला?" योस जमिनीवरूनच म्हणाला. "आत्ता? पेनल्टीला?"

"तू तोडलंस, तूच जा!"

द्रिक कोपऱ्यावरच सापडला, एक पाय जमिनीवर, कान घरांकडे. योसने त्याच्या सायकलचं हँडल धरलं. ओरडा का येत नाही या विचाराने द्रिक आधीच अर्धा झाला होता, त्यात योसचा चेहरा.

"चल. पण एक ऐक," योस धापा टाकत म्हणाला. "मागून दुरुस्त करायचं. पुढे यायचं नाही. पडद्याकडे बघितलंस तर आईशप्पथ सांगतो द्रिक, मी तुला ओळखत नाही."

नेलीने वरच्या खिडकीतून हे पाहिलं. कोट न घालताच ती खाली धावली.

केबल टोकाच्या पिनेतून उपटून निघाली होती. द्रिकने दातांनी वरचं प्लास्टिक सोललं. "दहा मिनिटं द्या, सोल्डरचा डाग लावून देतो."

"दहा मिनिटं कुठली! पहिला माणूस चेंडू ठेवत असेल!"

मग द्रिकने तारेचा आतला गाभा दोन बोटांत धरून टीव्हीच्या भोकात टेकवला. मुंग्या गेल्या, मैदान आलं. बोटं सैल केली, मुंग्या परत.

"हलू नकोस!" चाळीस जण एकदम ओरडले.

असा तो उभा राहिला. खिडकी आणि बिलियर्ड टेबलाच्या बेचक्यात, कंबरेत वाकून, गाल टीव्हीच्या गरम पाठीला टेकवून. समोर सगळी गल्ली त्याच्याकडे तोंड करून बसलेली, पण त्याच्याकडे बघणारं कोणी नाही. दारात नेली. तिच्याकडे बघण्याची त्याची छाती झाली नाही. त्याने योसच्या तोंडावर नजर ठेवली.

पहिली आपली. तोंड उघडलं, सोन्याचा दात चमकला, कॅफे हादरला. गोल. मग बेनफिकाची. दात गेला. त्यांचाही गोल. आपली, दात. त्यांची, तोंड बंद. एवढं द्रिकला पुरत होतं. बेर्ता आपल्या पेनल्टीला डोळे झाकत होती आणि त्यांच्या पेनल्टीला उघडत होती, त्यामुळे पुढची कोणाची हेही कळत होतं.

पाचव्या जोडीला त्याच्या बोटांत पेटका आला. अंगठा थरथरला, मुंग्या आल्या आणि गेल्या.

"द्रिक!!"

"आहे, आहे," तो पुटपुटला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. तो झटकायला त्याने मान वर केली, आणि माणसांच्या डोक्यांवरून त्याला बारमागचा आरसा दिसला. बिअरच्या कंपनीची सोनेरी अक्षरं लिहिलेला, वरून थोडा पुढे झुकलेला जुना आरसा. त्यात, बाटल्यांच्या वर, पत्त्याएवढं एक हिरवं चौकोनी मैदान हलत होतं.

त्याने डोळे गच्च मिटले.  पाहिलं का आपण? एवढंसं हिरवं दिसलं, ते पाहण्यात मोडतं का? इतक्यात दणका झाला, तो आपला होता. मग शांतता, ती त्यांची. पाच-पाच. एकही चुकत नव्हता.

सहावी आपली. डोळे मिटलेलेच. दणका. कोणाचा तरी ग्लास फुटला.

आता सहावी त्यांची. ही अडवली तर कप आपला. कॅफेत असा श्वास कोंडला होता की टीव्हीची घरघर द्रिकला गालाच्या हाडातून ऐकू येत होती. आणि त्या घरघरीत त्याच्या डोक्यात एक साधा हिशेब उभा राहिला. त्यांचे पाच गोल झाले, एकही मी पाहिला नाही. मी बघत नाही तरी त्यांचे होतातच आहेत. मग माझ्या न बघण्याने कुणाचं काय भलं होतंय? आणि हरलो तर तसंही माझ्याच नावावर जाणार. निदान पाहून तरी जावं.

एवढं धाडस त्याने जन्मात केलं नव्हतं. डोळे उघडले. थेट आरशात.

इवलासा माणूस धावत आला. इवलासा गोलकीपर आडवा झेपावला. चेंडू हातांना लागून बाहेर.

छत उडालं की काय असं वाटलं. बेर्ता रडत होती, योस बिलियर्डच्या टेबलावर चढला होता, खुर्च्या उलट्या पडल्या होत्या आणि सगळी गल्ली दारातून बाहेर सांडत होती. द्रिक तार धरून तसाच उभा. सोड म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी नेलीने येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"संपलं," ती म्हणाली. "तू नाही ना बघितलंस?"

द्रिक बोटं चोळत राहिला. नेलीने ते नाही असं धरलं.

दुसऱ्या दिवशी कपची मिरवणूक बघून सगळे पुन्हा बेर्ताकडे. प्रत्येक जण जमिनीवर लोळून ती शेवटची झेप घेऊन दाखवत होता. योस तर दोनदा लोळला. द्रिक कोपऱ्यात नेलीशेजारी, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या आनंदात, दोन बिअर पोटात.

"अरे, तिकडे नाही," तो हसत म्हणाला. "उलट्या बाजूला झेपावला तो. असा." आणि हाताने दाखवलं.

लोळणारे होते तिथेच थांबले. सगळ्यांनी एक बाजू पाहिली होती आणि हा दुसरी सांगत होता. पण ते नंतरचं. याने बाजू पाहिलीच कुठून?

बेर्ताने ग्लास पुसता पुसता मागे वळून आरशाकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. मग द्रिककडे.

"देवा," ती म्हणाली. "आरशात."

"तू बघितलंस," योस हळू म्हणाला. योस हळू बोलतो हेच भीतीदायक होतं. "मी तुला बजावलं होतं."

नेलीचा चेहरा कागदासारखा झाला. द्रिक उठून उभा राहिला, डोकं दिव्याला लागलं. "बघितलं," तो म्हणाला. "फक्त शेवटची. आणि ती अडली."

 योसने आरसा पाहिला, ओठ हलवत काहीतरी मनात जुळवलं, आणि सोन्याचा दात हळूहळू बाहेर आला.

"आरशात सगळं उलटं दिसतं, बरोबर? म्हणजे याचा अपशकुनही उलटा लागला! त्यांना लागला!"

झालं. निकाल लागला. त्या दिवसापासून बेर्ताच्या कॅफेत युरोपातल्या सामन्याला द्रिकची खुर्ची पक्की, टीव्हीकडे पाठ आणि आरशाकडे तोंड करून. सगळी गल्ली एकीकडे बघतेय आणि हा एकटा दुसरीकडे, बाटल्यांच्या वरचं पत्त्याएवढं मैदान, चष्मा नाकावर ओढून. नेली शेजारी बसायची, ती मात्र सरळ. गोल कुठल्या बाजूला झाला यावरून दोघांचं घरी जाईपर्यंत भांडण.

पुढच्या मार्चमध्ये माद्रिदला, जादा वेळेत, आपण रेआलकडून हरलो. कप गेला. बेर्ताने टीव्ही बंद केला. मग एकेक मान वळली. द्रिकचे कान तापले. त्याने आरशात पाहिलं तर चाळीस चेहरे त्याच्याकडेच बघत होते. टेबलाखाली नेलीने त्याची बोटं धरली, आदल्या वर्षी सोडवलेली तीच.

योस उठला. द्रिकच्या खुर्चीपाशी आला, मग बारमागे जाऊन आरशावर बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. बोट काळं झालं होतं.

"बेर्ता," तो म्हणाला, "हा आरसा शेवटचा कधी पुसला होतास गं?"