कोरड्या चपला

शाळेत तिला सगळे घंटामावशी म्हणत. बावीस वर्षं तिने त्या शाळेची घंटा दिली, वर्ग झाडले, पडलेल्या पोरांचे गुडघे धुतले. तोंडाने फटकळ, पण उशिरा आलेल्या पोराला फाटकातून गुपचूप आत घ्यायची तीच.

पुराच्या दिवशी भर दुपारी आभाळ फाटलं. हेडमास्तर खोलीतूनच ओरडले, "सोडा शाळा! उगाच आपल्या गळ्यात नको." मावशीने घंटा दिली. पोरं नेहमीसारखी हुंदडत पळाली. ओढ्यावरच्या पुलाशी पाण्याने सात जणांना नेलं. शाळेचा वरचा मजला मात्र कोरडा ठणठणीत राहिला. चार तास पोरं तिथेच बसवली असती तर? हा प्रश्न काढायचाच नाही असं सगळ्यांनी जणू ठरवून टाकलं. चौकशीच्या कागदावर एवढंच आलं, की शिपाईबाईंनी वेळेआधी घंटा दिली. हेडमास्तरांचं नाव शोधून सापडेना. घ्या!

महिन्याने शाळा उघडली. पहिल्याच दिवशी सुटायची घंटा झाली आणि एकही पोर बाकावरून उठेना. चौथीतली एक मुलगी तर बाक घट्ट धरून बसली होती. तिचा धाकटा भाऊ त्या सातांतला. काही सुचेना, तशी मावशी तडक ओढ्यापर्यंत चालत गेली, पाणी बघून आली आणि वर्गाच्या दारात पायातली चप्पल काढून वर धरली.

"हे बघा, कोरडी आहे. चला, उठा आता."

पोरं उठली. झालं, तोच शिरस्ता पडला. घंटेला तिने पुन्हा हात लावला नाही. रोज सुटायच्या आधी ओढ्यावर चक्कर, मग वर्गावर्गात चपला दाखवणं. काही शिक्षक हसायचे. हसू देत मेले!

मग सहा आठवड्यांसाठी समुपदेशक बाई आल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या. अडगळीच्या खोलीत सतरंजी टाकून त्या मुलांशी बोलायच्या, चित्रं काढून घ्यायच्या आणि हे एवढाले तक्ते भरायच्या. मावशी दाराशी उभी असायची. एकदा धीर करून म्हणाली, "बाई, मलापण जरा बोलायचं होतं."

बाई ओशाळल्या. "मावशी, यादी फक्त विद्यार्थ्यांची आहे हो."

"असू दे, असू दे," म्हणत मावशीने झाडू उचलला. काय मोठं सांगणार होती ती? डोळा लागला की अजून हातात घंटेची दोरी येते, एवढंच.

त्या सहा आठवड्यांच्या समारोपाला शिक्षण खात्याचे मोठे साहेब यायचे होते. हेडमास्तरांनी सकाळीच बजावलं, "आज घंटा व्हायला हवी. ते चपलांचं नाटक पुरे झालं. साहेबांसमोर शोभा नको."

"मी नाही द्यायची."

"मग ऑफिसात बसा, आणि कामाला नकार का दिला ते लिहून द्या."

घंटा शेवटी हेडमास्तरांनीच दिली. ऑफिसच्या खिडकीतून मावशीला समोरचा चौथीचा वर्ग दिसत होता. पोरं जागची हलली नाहीत. हात बाकावर, माना ताठ, डोळे दाराकडे. साहेब व्हरांड्यातून बघून खूश!

"वा! घंटा झाली तरी परवानगीशिवाय एक मूल उठत नाही. याला म्हणतात शिस्त! उपक्रम यशस्वी झाला म्हणायचा."

टाळ्या पडल्या, फोटो निघाला. समुपदेशक बाई तेवढ्या खाली मान घालून उभ्या होत्या.

साहेबांची गाडी गेल्यावर मावशी कागद तसाच कोरा टाकून उठली. ओढ्यावर गेली, आली आणि चौथीच्या दारात चप्पल वर धरली. पोरं एकेक करून बाहेर पडली. ती मुलगी मात्र दप्तर पाठीला लावून तिच्यापुढे येऊन थांबली. चपलेकडे बघत, रागाने नाही, साधंच विचारल्यासारखं म्हणाली,

"मावशी, त्या दिवशी का नाही गं बघून आलीस?"

हेडमास्तरांचं नाव मावशीच्या जिभेवर आलं होतं. एवढ्या चौकशीत एकानेही जे म्हटलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघालं. "चुकलं गं पोरी माझं," ती म्हणाली, आणि चप्पल हातात घेऊन दारातच बसली.