बाय मेतोदीचा झाडू

स्मोल्यान गावातल्या आमच्या बोलीभाषा संस्थेत नऊ माणसं, एक सर्व्हर आणि या सगळ्यांच्या बोकांडी एक बाय मेतोदी. वयानं मोठ्या बाप्याच्या नावाआधी इकडं 'बाय' लावतात. मेतोदीला तर झाडून सगळे लावायचे, कारण सर्व्हर त्याच्या हातात, आणि जो लावायचा नाही त्याचा पासवर्ड आठवडाभर चालायचा नाही.

मेतोदीला ओळखायचं तर त्याचं तळघर बघावं. सप्टेंबरात सगळं गाव मिरच्या भाजतं, टोमॅटो आटवतं, बरण्या भरतं आणि हिवाळाभर खातं. मेतोदी नुसता भरतो. २००६ सालच्या मिरच्या त्याच्याकडं अजून आहेत. रंग सोडून, आकार सोडून, मिरचीपण सोडून तळाशी बसलेल्या. बायको क्रासिमिरा फेकायला निघाली की हा बरणी छातीशी धरून म्हणतो, "राहू दे गं. लागली तर?"

असल्या माणसानं साफसफाईवर भाषण ठोकावं, ही आमच्या संस्थेचीच करामत.

त्याचं असं झालं. आम्ही सगळे शब्दकोशाचं काम ज्या एडिटरात, म्हणजे लिहायच्या प्रोग्राममध्ये करतो, तो मोठा काळजीवाहू. फाइल साठवली की आधीची प्रत तो बाजूला ठेवून देतो आणि तिच्या नावामागं ~ असं एक वळवळतं शेपूट लावतो. नऊ माणसं, वीस वर्षं. सर्व्हरवर धडांपेक्षा शेपट्या जास्त झाल्या. मार्चमध्ये एका सोमवारी डिस्क भरली आणि कुणाचंच काही साठवलं जाईना. संचालकांनी नवी डिस्क मागायला वर पत्र लिहायला घेतलं, तर तेही साठवलं जाईना.

तेव्हा मेतोदीनं झाडू बांधला. म्हणजे दहा ओळींचा एक आपोआप चालणारा प्रोग्राम. दर रविवारी पहाटे सर्व्हरभर फिरायचं, नावामागं शेपूट असलेली आणि तीस दिवस कुणी हात न लावलेली फाइल दिसली की उचलायची. जून उजाडेपर्यंत अर्धी डिस्क मोकळी. वार्षिक सभेत त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर तो वीस मिनिटं बोलला. जुनं कवटाळून बसणं हा आपल्या लोकांचा रोगच आहे म्हणाला, ज्याला टाकता येत नाही त्याला पुढं जाता येत नाही म्हणाला. क्रासिमिरा मागच्या रांगेत बसली होती. ती इतका वेळ खोकली की कुणीतरी पाणी आणून दिलं.

त्याच महिन्यात त्यानं संस्थेचा जुना सर्व्हर भंगारात काढल्याच्या कागदावर सहीही केली. स्वच्छता म्हणजे स्वच्छता.

आता दाफिंका. आमच्या कोशाचं एक अख्खं अक्षर तिच्याकडं. रोदोपी डोंगरातली गावं तिनं अकरा वर्षं पायाखाली घातली, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चुलीपुढं बसून मेंढरांचे, दुधाचे, धुक्याचे शब्द गोळा केले. सांगणारी बहुतेक माणसं आता वर गेली. बाई बोलायला तिखट, पण त्या शब्दांसाठी पोटचं पोर सांभाळावं तशी जागलेली. ऑगस्टात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती पाच आठवडे वेलिनग्राडला झऱ्याच्या गरम पाण्यात पाय सोडून बसली. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस. हिशेब कुणी केला नाही.

सप्टेंबर अखेरीस ती काठी टेकत आली, खुर्चीत बसली आणि पडद्यावरची यादी वरखाली सरकवत राहिली. मी समोरच्या टेबलावर. दाफिंका आल्याआल्या कुणाला टोमणा मारत नाही म्हणजे काहीतरी मोडलंय, एवढं मला कळतं. उठून पाहिलं तर तिच्या पडद्यावर एकच फाइल, अकरा वर्षांपूर्वीची, चाळीस शब्दांची. तिचे शब्द साडेतीन हजार. तिच्या अक्षराचा खंड छापायला जायला दहा दिवस होते.

मेतोदीला बोलावलं. तो आला तोच थाटात. रोजची फाइल कुठली उघडायचीस, असं त्यानं विचारलं.

"शेपटीवाली," दाफिंका म्हणाली.

"शेपटीवाली? अगं, ती जुनी प्रत असते. लिहायचं बिनशेपटीच्या फाइलीत."

"तूच सांगितलंस. पहिल्याच वर्षी माझं अर्धं पान पुसलं गेलं होतं, तेव्हा म्हणालास, शेपटीवाली उघड, त्यात सगळं शाबूत असतं. मी ऐकलं. अकरा वर्षं तीच उघडतेय. संस्थेत तुझं ऐकणारी मी एकटीच निघाले, आणि हे बक्षीस."

मेतोदीनं तिच्या फाइलींची यादी स्वतः चाळली. शेपटीवाल्या फाइलीला एडिटर आणखी शेपूट लावत नाही. म्हणजे तिची दुसरी प्रत नव्हतीच. साडेतीन हजार शब्द त्या एका शेपटाला लटकले होते, आणि झाडूनं ते उचललं होतं.

दाफिंका रडली नाही. तिनं पिशवीतून वही काढली आणि आठवतील ते शब्द लिहायला लागली. एका पानावर सात झाले. आठव्याला हात थांबला. ज्या बाईनं तो सांगितला होता तिचं नाव आठवलं, शब्द आठवेना.

मेतोदी ते पाहत होता. टोपी काढली, घातली, परत काढली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "गाडी आहे का रे तुझी? जड आहे ते."

त्याच्या तळघरात गेलो. २००६ च्या मिरच्या आणि २०११ चं हिरव्या टोमॅटोचं लोणचं यांच्या मधे, क्रोशाच्या रुमालाखाली, कागदोपत्री भंगारात गेलेला सर्व्हर घरघरत होता. झाडूनं आजवर एकही फाइल फेकली नव्हती. दर रविवारी संस्थेतून उचलायचा आणि इथं आणून टाकायचा.

"सगळ्या?" मी विचारलं.

"लागली तर?" मेतोदी म्हणाला.

क्रासिमिरा जिन्यात उभी होती. ती फक्त म्हणाली, जाताना दोन बरण्यापण न्या.

खोट्या कागदावर सही आणि सरकारी माल घरात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माणसाची नोकरी घालवायला हे पुरेसं होतं. फाइल गुपचूप परत टाकता आली असती, तसं मी सुचवलंही. पण दाफिंका विचारणार, कुठून आणली, आणि तिच्यापुढं खोटं बोलायची छाती त्याची नव्हती. त्यानं लोणच्याचा वास येणारा तो खोका भर दुपारी, सगळ्यांदेखत, संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. भाषण वीस मिनिटांचं होतं. कबुली दोन मिनिटांत संपली.

संचालकांनी भंगाराचा कागद काढला, चष्मा लावून वाचला.

"बाय मेतोदी, हा खोका जूनमध्ये नष्ट झालाय. त्यामुळं मला तो दिसत नाही." मग दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "त्याच्यात माझं मेमधलं अहवालाचं टिपण असेल का हो? चुकून नवीन पुसलं मी."

चार वाजेपर्यंत मेतोदीच्या टेबलापुढं रांग लागली. प्रशस्तिपत्राला टाळ्या वाजवणारे सगळे हात आता आपापला केर परत मागत होते.

दाफिंकाचे शब्द सगळे सापडले. तिनं दोन दिवस एकेक तपासला, आणि हरवलेला तो आठवा शब्द सापडला तेव्हा काठी टेबलाला टेकवून तो वहीत सातव्याच्या खाली लिहिला. मेतोदीला ती धन्यवाद म्हणाली नाही. मेतोदीनं मात्र शहाणपणा करून तिची फाइल नीट केली, शेपूट कापून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याच्यापुढं उभी.

"शेपूट कुठंय?"

"अगं, आता गरज नाही त्याची. ही खरी फाइल."

"मेतोदी, शेपूट लाव."

त्यानं लावलं. झाडूत अकरावी ओळ लिहिली, दाफिंकाच्या फाइलीला हात लावायचा नाही म्हणून. खंड वेळेवर छापायला गेला. नष्ट झालेला सर्व्हर आता संचालकांच्या कपाटात आहे, वरच्या रुमालासकट, आणि दर रविवारी भरतोय.