खंडेनवमीनंतरचे हिवाळे

सूक्ष्मदर्शकाखाली एक कण गुलाबी दिसला. रेणुका खूश झाली. गार्नेट खनिजाचा असणार, म्हणाली. पण हा गुलाबी रंग मी ओळखत होतो.

मी कलबुर्गीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं. गाव मादन हिप्परगा. रेणुका चिटगुप्प्याची, पीएचडी करते. तिचं काम उत्तर ध्रुवाकडच्या एका तळ्याच्या गाळावर. तळ्याच्या तळात नळी ठोकून गाळाचा उभा दांडा काढतात, त्याला कोअर म्हणतात. आमच्याकडे त्याचे काप आले होते.

उन्हाळ्यात ओढे जाडसर गाळ आणतात. हिवाळ्यात तळं गोठतं आणि आत फक्त पिठासारखा गाळ बसतो. वारा जोरात असला की काठावरची वाळू बर्फावर येऊन पडते, आणि बर्फ वितळलं की त्या पिठावर जाऊन बसते. म्हणून पिठाच्या थरावर वाळूचे कण जास्त असले, तर तो हिवाळा वाऱ्याचा. थर पाण्यानं चाळणीतून गाळायचा आणि वर राहिलेले कण मोजायचे. काम एवढंच, पण डोळे जातात.

रेणुका खालच्या जुन्या थरांपासून एकेक थर गाळत वर येत होती. अलीकडच्या थरांत कण एकदम वाढले होते. ध्रुवाकडचे हिवाळे वादळी होत गेले, हे तिच्या थिसिसचं मुख्य प्रकरण. सोमवारी सेमिनार होता, बाहेरचे परीक्षक येणार होते. तो बुधवार होता.

ती डबा खायला गेली तेव्हा मी तो कण सुईनं उचलून काचेवर ठेवला आणि सौम्य ॲसिडचा थेंब टाकला. बुडबुडे आले. चुनखडीच्या जातीचा दगड असला की असे बुडबुडे येतात, आणि त्या तळ्याच्या आसपास तसला दगड नाही. शेजारचे पांढरे कण घेतले. तेही फसफसले.

मग रजिस्टर काढलं. ज्या नमुन्यापासून कण वाढत होते, तो दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी गाळलेला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. घरी विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं मांडतो. लॅबमध्येही दरवर्षी मीच मांडतो, एरवी फक्त मोठी यंत्रं. त्या दसऱ्याला मला नव्या बारीक चाळण्यांचं भारी कौतुक. टेबलावर रांगोळी काढली, मधल्या फुलात गुलाबी रंग भरला, वर चाळण्या ठेवल्या. नंतर मीच त्या ब्रशनं धुतल्या. रांगोळी म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या पांढऱ्या दगडाची भुकटी, नेमकी वाळूएवढी. जाळीच्या कडेला ती अडकून बसली आणि दर वेळी थोडी थोडी सुटत राहिली.

आजवर एक नमुना सांडला नाही, असं मी मोठ्या तोंडानं सांगायचो. आता फार लाज वाटली. गप्प बसावं, असंही मनात आलं. सेमिनारमध्ये कोण ॲसिड टाकून बघणार होतं?

रेणुका परत आली. “अण्णा, असं तोंड कामून केलाव?”

मी सगळं सांगितलं. तिनं रजिस्टर ओढून तारखा पाहिल्या.

“मग माझे वादळी हिवाळे?”

“रांगोळीचे हायत गं माय, बहुतेक. म्या काढलेल्या.”

“चार वर्सं घातले म्या ह्याच्यात,” ती म्हणाली आणि खाली बसली.

तिच्या गाइड मॅडमना फोन मीच केला. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की मोजलेले कण टाकून तर दिले नाहीत ना. नव्हते, सगळे बाटल्यांत जपलेले होते. मग सगळे ॲसिडनं धुवा, रांगोळी विरघळेल आणि तळ्याची वाळू उरेल, त्या म्हणाल्या. पण आधी चाळणीला न लागलेला तळ्याचा गाळ तपासा. तोच फसफसला तर खरं-खोटं वेगळं करता येणार नाही.

कोअरचा न उघडलेला काप काढला. रेणुकानं ड्रॉपर घेऊन थेंब टाकला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही.

रविवार संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे कण पुन्हा मोजले. अलीकडचा चढ साफ झोपला. खालच्या जुन्या थरांत काही हिवाळे मात्र खरेच वाऱ्याचे निघाले. सोमवारी रेणुकानं दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले आणि रांगोळीचं सगळं सांगितलं. माझं नाव तिनं घेतलं नाही. मागच्या रांगेतून मीच उठून उभा राहिलो.

परीक्षकांनी ते प्रकरण काढायला लावलं आणि जुन्या थरांवर नवं लिहायला सहा महिने दिले. पुढचा महिनाभर रेणुका माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

पूजा अजून होते, चाळण्या कपाटात ठेवून. आणि रजिस्टरमध्ये तारखेपुढे मी एक रकाना वाढवला आहे. आदल्या दिवशी कोणता सण होता, ते त्यात लिहितो.