चिमणाबाईचा हात कुणी मोडला

शहात्तर साली दिवाळीच्या आधी घरातली जळमटं काढताना मी स्टुलावरून पडले आणि नडगी मोडून घेतली. दिवसभर वर्गात येरझारा घालणाऱ्या मास्तरणीला खाटेवर पडून राहणं म्हणजे शिक्षाच. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात बायकांचा हाडांचा वॉर्ड होता. प्लास्टरच्या आत खाज सुटायची आणि खाजवायला वॉर्डभर फिरणारी विणकामाची सुई एकच. आपला नंबर लागेपर्यंत जीव नकोसा व्हायचा.

दुपारची जेवणं झाली की हाडांच्या गोष्टी निघायच्या. माझंच हाड जास्त वाईट मोडलं, हे पटवायची चुरस असायची. कागलची बायडाबाई उसाच्या बैलगाडीखाली सापडलेली. पहिल्या दिवशी तिच्या गाडीत वीस मोळ्या होत्या, आठवडाभरात साठ झाल्या. मीही माझ्या स्टुलाची उंची दोन वीत वाढवली, खोटं कशाला बोलू?

पाडव्याच्या संध्याकाळी चिमणाबाई आली. चाळिशीची, काटक बाई. उजवा हात कोपराखाली मोडलेला, दोन बरगड्या गेलेल्या. ती गंगावेशीजवळची, दूध विकणारी. आमच्याकडे दूधवाले म्हैसच दारात आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, म्हणजे पाण्याचा संशय नको. चिमणाबाईची हरणी रोज अशी सात-आठ दारं फिरायची.

हात कसा मोडला, हे तिला सगळ्यांनी विचारलं. बायडाबाईला ती म्हणाली, मोरीत घसरले. डॉक्टरांना म्हणाली, जिन्यावरून पडले. मला म्हणाली, विहिरीच्या पायरीवरून. बारा वर्षं मी मुलांची उत्तरं तपासत होते. खरं उत्तर एकच असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

त्यात तिचा नवरा गुंडू. सहा फुटी, मिशाळ, आवाज असा की कुजबुजला तरी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जावं. रोज चार वाजता पितळी चरवीत दूध घेऊन यायचा. चिमणाबाई आधी चरवीत डोकवायची, मग त्याच्याकडे बघायची.

"एवढंच?"

"एवढंच. पान्हा सोडत न्हाय. तुझ्याबिगर कुणाला कासंला हात लावू देती व्हय ती?"

तो गेला की हिचा चाळा सुरू व्हायचा. खाटेवरून उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, पुन्हा उठायची. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सारखी आवळायची आणि सुटायची. आवळायची आणि सुटायची. झोपेतसुद्धा ती बोटं धार काढायची. बघून मलाच चैन पडत नसे. एकदा मी वैतागून म्हणाले, "अहो, जरा स्वस्थ बसा की!"

"दूध कासंत ऱ्हायलं की कास दगडावाणी हुती, बाई," ती म्हणाली. "म्हस आटली की संपलं. कसं बसू स्वस्थ?"

वॉर्डानं निकाल देऊन टाकला होता. "पाडव्याला बायकोकडनं ओवाळून घ्यायचं आन तिचाच हात मोडायचा," बायडाबाई म्हणायची. गुंडू आला की ती भिंतीकडे तोंड करायची. मीही त्याच्याशी बोलत नव्हते.

बाराव्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "डॉक्टरला इचारतो. चल घरला. डाव्या हातानं जमतंय का बघ. न्हाईतर म्हस जाती हातची."

माझं डोकं फिरलं. "एक हात मोडायचा आणि दुसऱ्याला कामाला जुंपायचं? लाज नाही वाटत तुम्हाला? पोलिसात द्यायला हवं तुमच्यासारख्याला!"

गुंडूनं माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. ती चादरीचा दोरा उसवत बसली होती. तिनं काहीतरी बोलावं म्हणून मी थांबले होते, आणि मला वाटतं, तोही थांबला होता. ती बोलली नाही.

त्यानं चरवी उचलली. "व्हय, बाई. म्याच मोडला. म्हणा काय म्हणायचं त्ये." आणि निघून गेला.

मी फुशारले. बायडाबाईनं मला आपल्यातला लाडू दिला. चिमणाबाई मात्र जेवली नाही. दिवेलागणीला ती माझ्या खाटेवर येऊन टेकली.

"त्येंनी न्हाय ओ मोडला, बाई."

मग तिनं सांगितलं. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, मालकाच्या हाकेला म्हैस कशी धावत येते ते चारचौघांत दाखवायचं. गुंडू मोरपिसं आणायला गेला होता. ही एकटी घरामागच्या परड्यात हरणीच्या शिंगांना सोनेरी रंग देत होती. मागं कुणीतरी फटाका लावला. हरणीनं मुंडी फिरवली आणि हिला भिंतीला दाबलं.

"जनावर भ्यालं. माझ्यावर राग न्हाय तिचा."

"मग लपवायचं कशाला?"

"दारोदार न्यायची म्हस, बाई. भवतीनं ल्हान पोरं असत्यात. मारकी हाय म्हणून कळलं तर कोण हुबं ऱ्हाईल? आमच्या मालकास्नी कळलं की लगोलग बाजार दावतील. आन मारकी म्हस घेतंय कोण? खाटीक."

"मग ते हो का म्हणाले?"

"त्येच कळंना. रागाच्या भरात म्हणालं असतील. त्येंच्या तोंडाला काळं लागलं आन मी गप बसली. एका म्हशीपायी गप बसली, बाई."

उचलली जीभ लावली टाळ्याला, याची मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. रात्रभर कूस बदलत राहिले, तेही प्लास्टरसकट.

दोन दिवसांनी चिमणाबाईला घरी सोडलं. गुंडूची माफी मागायची म्हणून मी कुबड्या सावरत तिच्यामागून बाहेर गेले. बघते तर फाटकापाशी हरणी उभी. कास दुधानं तटली होती, ती सकाळपासून कुणाला शिवू देत नव्हती, म्हणून त्यानं तिला इथंच आणली होती. आणि तो सहा फुटी गडी अंगावर बायकोचं लुगडं पांघरून, डोईवर पदर घेऊन शेजारी उभा होता. म्हैस फसावी म्हणून चौदा दिवस तो याच वेशात दारोदार धार काढत होता. रस्त्यानं जाणारे थांबून हसत होते.

चिमणाबाईही हसली. मग एकदम थांबली. ते हिरवं लुगडं पाडव्याला तिच्या अंगावर होतं तेच. तिचा वास जाऊ नये म्हणून न धुतलेलं. त्यावर बरगडीच्या जागी सोनेरी रंगाचा लांब फराटा होता.

वॉर्डाच्या खिडकीतून बायडाबाईचा आवाज आला, "हात मोडाय लाज वाटली न्हाई, आता लुगडं नेसून सोंगं करतंय बघा मेलं!"

गुंडूनं तिकडे मान वळवली नाही. लुगडं काढून बायकोच्या खांद्यावर टाकलं, म्हशीच्या तोंडाशी गेला आणि दोन्ही शिंगं घट्ट धरली. चिमणाबाई तशीच उभी.

"कवापास्नं ठावं हाय तुमास्नी?"

"पाडव्याच्या राती नर्सनं लुगडं हातात दिलं तवापास्नं. बस आता. तटलीया ती."

ती उकिडवी बसली. डाव्या हातानं कास पुसली, पदरानं डोळे पुसले, आणि थोड्या वेळानं चरवीत पहिली धार वाजली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण शिंगं न सोडता तोच आधी बोलला. त्या दिवशी त्याला हळू बोलता आलं.

"बाई, आत कुणाला कायबी सांगू नका. हात म्याच मोडलाय."