अर्धा डोस आणि रोटरी इंजिन

प्रत्येक गॅरेजात उरलेल्या नटबोल्टांचा एक डबा असतो. कुठल्या गाडीचे ते कुणालाच ठाऊक नसतं, पण टाकवत नाहीत. माझ्याकडे तसे किस्से साठलेत. मैत्रिणी सासूचे सांगतात, मी कार्बोरेटरचे. त्या हसतात. मीही हसते, शेवटचा येईपर्यंत.

नव्वदीची सुरुवात. वागळे इस्टेटमधल्या कंपनीला टाळं लागलं, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, रडत बसण्याऐवजी एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार खोलली. बोटीवरच्या कुणा इंजिनिअरनं ती त्याच्या गळ्यात मारलेली. गाडी होती बाळकूमला, भोईरकाकांच्या शेडमध्ये. काका खाडीतल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. आम्ही डोंबिवलीला. रविवारी मी डबा आणि अडीच वर्षांची मुक्ता घेऊन तिथे जायचे.

*

गाडीचं इंजिन रोटरी. श्रीकांत काकांना समजावत होता, "काका, यात पिस्टनच नाही. तिकोनी रोटर असतो, तो गोल फिरतो."

काका वाकून बराच वेळ बघत राहिले. "पिस्टन नाय? मंग काय, ह्यो समोसा फिरवून गाडी पळवशील?"

तेव्हापासून रोटरचं नाव समोसा. समोसा काढला, समोसा पुसला, समोसा बसवला. मुक्ता भूक लागली की गाडीकडे बोट दाखवायला लागली.

*

श्रीकांतला त्यावर टर्बो बसवायचा होता. भंगारातल्या एका ट्रकचा आणलेला. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा; तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. पहिल्याच दिवशी इंजिन गुरगुरलं आणि बसलं. कार्बोरेटर उघडला तर आत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट हवेच्या दाबानं पार चेपलेला.

काकांनी तो तळहातावर घेतला. "सूनबाई, ही बग तुझी करंजी."

माझ्या करंज्या फुगत नाहीत, ही बातमी डोंबिवलीहून बाळकूमला कशी पोचली, मला आजही माहीत नाही.

*

रोटरी इंजिनाला पेट्रोलबरोबर ऑइलही लागतं, तेही मोजून. मुक्ताच्या औषधाचं मापाचं टोपण घरात सापडेना, आणि रविवारी ते गाडीच्या बॉनेटवर दिसलं. तोवर मी औषध अंदाजानं देत होते. माझा अंदाज म्हणजे अर्धं. चुकून जास्त गेलं तर? ताप आठवडाभर रेंगाळला.

डॉक्टर म्हणाले, "बाई, अर्ध्या औषधानं मूल वाचत नाही, आजार वाचतो."

परतताना रिक्षात श्रीकांत हसत होता. मी नव्हते हसत. एम.ए. झालेली बाई, आणि चमचा धरता येत नाही.

*

मग मस्कतहून दिरांचं पत्र आलं. तिथे नोकरी तयार होती. श्रीकांतनं पत्र घडी करून टूलबॉक्समध्ये ठेवलं. "दसऱ्याला घोडबंदर रोडवर गाडी काढतो. पळाली, तर शेजारची शेड घेऊन इथेच गॅरेज टाकू. टर्बो लावून घेणारे दोघे थांबलेत. नाही पळाली, तर मस्कत."

आता मी देवाकडे मागायचं काय? पळाली तर हा त्या गाडीत मरणार, असं मला रोज वाटायचं. नाही पळाली तर हा जाणार. मी मागितलं, पळू दे, पण हळू.

*

दसऱ्याची सकाळ. कार्बोरेटरचं जेट म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी स्क्रू. आमच्याकडे दोन जोड्या होत्या, एक लहान भोकाची आणि एक मोठ्या भोकाची. दिसायला सारख्या, वर मुंगीएवढा आकडा. पुस्तक इंग्रजी म्हणून ते वाचायचं काम माझं, आणि नजर चांगली म्हणून आकडेही मीच वाचायचे.

श्रीकांत बॉनेटमध्ये वाकलेला, चष्म्यावर घाम. "मोठी जोडी दे. आकडा वाच."

कमी पेट्रोल, कमी वेग. मी लहान जोडी त्याच्या हातावर ठेवली आणि मोठीचा आकडा वाचला.

चाकाखाली लिंबू ठेवलं, काकांनी नारळ फोडला, गाडी गेली. रस्ता तेव्हा रिकामा असायचा, आवाज लांबूनही यायचा. टर्बोची शिट्टी चढत गेली. मग डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही.

मुक्ताला कडेवर घेऊन मी धावले. रस्त्याच्या कडेला श्रीकांत धडधाकट उभा होता. मला इतका आनंद झाला, की मान वर करवेना.

गाडी ढकलत शेडमध्ये आणली. काकांनी इंजिन हातानं फिरवलं, ते गरगर फिरलं. "श्वास नाय उरला." समोशाच्या टोकांवरच्या, आतला दाब कोंडून धरणाऱ्या पट्ट्या फुटल्या होत्या. तसल्या पट्ट्या इथे कुठेच मिळायच्या नाहीत. टर्बोची हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आतून तापून फुटतं, हे पान मी नंतर वाचलं. वाचून दाखवायचं काम माझंच होतं.

काकांनी कार्बोरेटर उघडला. जेट काढून उजेडात धरलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आकडा काय आहे, काका?" श्रीकांतनं मागून विचारलं.

"बराबर हाय," म्हणाले, आणि जेट खिशात टाकलं.

*

श्रीकांत मस्कतला निघाला, त्या दिवशी मुक्ताला परत ताप. टॅक्सी खाली थांबलेली. त्यानं बाटली उघडून टोपणात औषध ओतलं आणि टोपण माझ्यासमोर धरलं.

"आकडा वाच."

"पाच," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत चढवला. टोपण खिडकीच्या उजेडात नेऊन स्वतः वाचलं. मग मुक्ताला पाजलं आणि बॅग उचलली.