खाऱ्या विहिरीवरचा साबण

सायन्स शिकून वरवट बकालला, आमच्या गावी, परतलेला मी पहिलाच, म्हणून मी मूर्खपणा करीन अशी शंका कोणाला आली नाही. नोकरी लागत नव्हती. वडील म्हणाले, "नांदुऱ्याच्या जिनात कापूस तोलाले जाय, मामानं बोलावलं." जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. मला गावातच राहायचं होतं. मी घरी साबण करायचं ठरवलं. बायांनी घेतला तर राहा, नाही तर जिन, एवढ्यावर ते थांबले.

सरकीचं तेल आणि कॉस्टिक सोडा घोटून वड्या पाडल्या. पिंपात पावसाचं पाणी साठवलेलं होतं, त्यात वडी घासून पाहिली, तर फेस कोपरापर्यंत चढला. मी आईला समजावलं: साबणाच्या कणाला डोकं असतं अन् शेपूट असते. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला नाही. म्हणून ते सगळे पाण्याच्या वरच्या अंगाला येतात आणि डोकं पाण्यात, शेपूट हवेत, असे दाटीनं उभे राहतात. मग पाण्याचा ताण सैल पडतो.

"पारावरच्या पोट्ट्यायवानी," आई म्हणाली. "ना घरात, ना वावरात."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया जमवून मी हेच भाषण ठोकलं. विहीर खारी. आमच्या भागातल्या बहुतेक तशाच. ते पाणी पिऊनच मी वाढलो, आणि नेमकं तेच विसरलो. वडी घासघास घासली, फेस येईना. बादलीत पांढरा चोथा तरंगू लागला. पाण्यातले क्षार कणांना वाटेतच धरत होते. वर पोचायला कोणी उरतच नव्हतं.

शेजारच्या काकूनं बोट बुडवून पाहिलं. "काऊन रे बाबू, साबन हाय का दही लावून राह्यला?"

"दही असतं तं कढी तरी झाली असती," दुसरी म्हणाली.

"अजून थोडं घासा, काकू."

"घासतो ना. लुगडं फाटलं तं तू देशीन?"

मीही हसलो. नंतर तेल बदललं, सोडा बदलला. विहीर कुठून बदलणार? वडील रागावले नाहीत. "मामाले कळवतो," एवढंच म्हणाले.

जायच्या दिवशी आईनं माझा सदरा त्याच साबणानं धुऊन दिला. वाळून तो पुठ्ठ्यासारखा झाला होता, कॉलरवर पांढरी रेघ. विहिरीजवळ मी उगाच रेंगाळलो. कोणी दह्याचं विचारलंच तर उत्तर तयार होतं. काकूनं एकदा माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि दोर ओढत राहिली.